गटाच्या कर्जावर फिजिक्स

रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या मावश्या, काकू, आज्या, वहिन्या, आणि हातातलं काम न सोडता ऐकणाऱ्या सगळ्याजणी, तुम्हाला आम्हा तिघींचा नमस्कार. कागद तिघींनी मिळून लिहिलाय आणि वाचणारही आळीपाळीनं. मध्येच आवाज बदलला तर स्टेशन बदललं असं समजून बटण फिरवू नका.

आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहोत. विषय फिजिक्स, म्हणजे भौतिकशास्त्र. हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आमचं कॉलेज. तिथल्या फिजिक्सच्या वर्गात आम्ही पाचजण: आम्ही तिघी आणि दोन मुलं. पाचच. हजेरी घ्यायला सरांना अर्धा मिनिट पुरतं, आणि एखादी गैरहजर असली की सगळा वर्गच रिकामा वाटतो.

आज बोलायला येण्याचं कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीच्या आईनं गटाकडे 12,000 रुपयांचं कर्ज मागितलं. दरमहा शेकडा 2 रुपये व्याज, बारा हप्ते, सगळं नेहमीचंच. अडलं ते कर्जाच्या कारणापाशी. रजिस्टरात कारण लिहावं लागतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेळी असेल तर शेळी, दवाखाना असेल तर दवाखाना. आईनं सांगितलं, 'शिक्षण'. सचिव ताईंनी विचारलं, कसलं शिक्षण? आई म्हणाली, फिजिक्स. मग बैठकीत जी शांतता पसरली, ती आम्ही ओट्याच्या मागं बसून ऐकली आहे.

एका आजीनं विचारलं, "काऊन गं, नर्सबाईचं असतं तर समजलं असतं. याच्यानं पोट भरतं का?" दुसऱ्या काकू म्हणाल्या, "मास्तरीण होईल की." तिसरी म्हणाली, "मास्तरणीला आता जागा कुठं निघतात?" तिघींचंही बरोबरच होतं. शेवटी अध्यक्ष मावशींनी तोड काढली. कर्ज द्यायचं, पण शिकून झालं की पोरीनं गटासमोर येऊन सांगायचं, काय शिकली ते. पैशाचा हिशेब आई देईल, शिक्षणाचा पोरगी देईल. हप्ते केव्हाच फिटले. दुसरा हिशेब राहिला होता, तो आज देतोय. आणि आम्ही तिघी एकाच बाकावर शिकलो, म्हणून एकीचा हिशेब तिघी मिळून देतोय.

सुरुवात पहिल्याच प्रॅक्टिकलपासून करू, कारण तिथंच आमचं नाक कापलं गेलं होतं.

प्रयोग साधा होता. दोऱ्याला धातूचा गोळा बांधायचा, दोरा 100 सेंटीमीटर लांब ठेवायचा आणि झोका द्यायचा. वीस झोक्यांना किती वेळ लागतो तो मोजायचा. त्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोरानं खाली ओढते, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग कसा वाढत जातो, ते गणितानं काढता येतं. पुस्तकात त्याचा आकडा 980 दिलेला असतो. आमचं उत्तर आलं 1082. परत केलं, परत तेच. तास संपत आला होता, साडेपाचची शेवटची एसटी डोळ्यांपुढं दिसत होती. आम्ही काय केलं असेल? घड्याळातला वेळ थोडा वाढवून लिहिला आणि 980 आणलं. अगदी पुस्तकासारखं.

सरांनी वही बघितली. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वीस झोक्यांना किती सेकंद लागले? खरा आकडा सांगा." आम्ही सांगितलं, 38.2. ते म्हणाले, "मग तेच लिहा. उत्तर चुकलं तर चालेल. रीडिंग खोटं चालणार नाही." लाजेनं मान वर होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला झोके मोठ्यानं मोजायला लावले. गोळा सोडला आणि आम्ही तिघी एका सुरात म्हणालो, "एक!" सर हसायला लागले. गोळा सोडला तेव्हा एकही झोका झालेला नव्हता. तेव्हा 'शून्य' म्हणायला हवं होतं. आम्ही विसाव्या आकड्याला थांबायचो तेव्हा खरे झोके एकोणीसच झालेले असायचे. शून्यापासून मोजलं, वेळ आला 40.2 सेकंद, आणि उत्तर आलं 977.

गंमत म्हणजे पुस्तकातलं 980 हाही आपल्या भागाचा नेमका आकडा नाही. पृथ्वी सगळीकडे सारख्या जोरानं ओढत नाही. विषुववृत्तावर हा आकडा 978 आहे, ध्रुवावर 983. आपल्या भागात तो साडेनऊशेअठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे 978.5 च्या आसपास पडतो. आम्ही खोटं लिहून 980 आणलं असतं, तर आपल्या मातीचा आकडा आम्हाला कधी कळलाच नसता.

तुम्ही म्हणाल, आकड्यानं काय होतंय? गटातलं भांडण आठवा. कर्ज घेतलं तो महिना पहिला धरायचा की त्याच्या पुढचा, यावरून कितीदा वाद झालेत? आमच्या गावात तर दोन जावा त्यावरून सहा महिने बोलत नव्हत्या. तो वाद म्हणजे आमच्या झोक्याचाच वाद. शून्य कुठं आहे, ते आधी ठरवायचं.

शून्यावरून दुसरी गोष्ट आठवली, ती तर पैशाचीच आहे. लॅबमध्ये बारीक तार मोजायचं एक यंत्र असतं, स्क्रूगेज म्हणतात. मिलीमीटरचा शंभरावा भाग त्यावर वाचता येतो. आम्ही त्यानं एकमेकींचे केससुद्धा मोजले. आमच्यातल्या एकीचा केस निघाला 0.07 मिलीमीटर, आणि तेल लावलेला केस जाड दिसतो का, यावर जेवणाची अख्खी सुट्टी गेली. पण या यंत्राचा पहिला नियम असा की, काहीही मोजण्याआधी ते रिकामं बंद करून बघायचं. रिकामं असताना शून्य दाखवतंय का? दाखवत नसेल तर जेवढा फरक आहे तेवढा प्रत्येक मापात येणार. त्याला आम्ही 'झीरो एरर' म्हणतो.

मागच्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या वडिलांनी सोयाबीन विकायला नेलं. ही सोबत गेली. पहिलं पोतं काट्यावर चढणार, तेवढ्यात ही म्हणाली, "काका, आधी रिकामा काटा दाखवा." व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, "पोरी, इलेक्ट्रॉनिक काटा आहे, चुकत नसतो." हिनं वाकून बघितलं. रिकाम्या काट्यावर आकडा होता उणे 400 ग्रॅम. म्हणजे प्रत्येक पोत्यामागे 400 ग्रॅम कमी भरणार. पोती होती 42. करा हिशेब: 16 किलो 800 ग्रॅम. तो माणूस म्हणाला, "वाऱ्यानं झालं असेल." असेलही. बटण दाबून शून्य केलं आणि मग वजन झालं. कुणी मुद्दाम केलं असं आमचं म्हणणं नाही. पण वडिलांनी घरी येऊन आईला पहिली गोष्ट सांगितली ती ही, आणि त्या दिवसापासून फिजिक्सला घरात कुणी नावं ठेवली नाहीत. तुमची हळद असो, कापूस असो, नाहीतर गटाच्या मसाल्याची पुडी असो, काटा रिकामा असताना शून्य बघून घ्या. यात भांडायचं काही नाही. तोंडानं फक्त एवढंच म्हणायचं, आधी शून्य दाखवा.

आता हळदीचं. आपल्या वसमत भागातली हळद कुणाला सांगायला नको. हळद शिजवायला आता बऱ्याच ठिकाणी वाफेचे कुकर आलेत. दुसऱ्या वर्षी उष्णतेचा धडा होता, त्यात 'सुप्त उष्णता' असा शब्द आला. शब्द ऐकूनच झोप येते. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "उकळतं पाणी हातावर पडलं आणि वाफ हातावर आली, जास्त कशानं भाजतं?" आमच्यातलीच एक लगेच म्हणाली, "वाफेनं. माझ्या आजीचा हात हळदीच्या वाफेनंच सोलला होता." मॅडम म्हणाल्या, "दोन्ही शंभर अंशांवरच आहेत. मग वाफ जास्त का भाजते?"

कारण असं. एक ग्रॅम उकळतं पाणी अंगावर पडून शरीराच्या तापमानापर्यंत, म्हणजे 37 अंशांपर्यंत, निवताना 63 कॅलरी उष्णता सोडतं. एक ग्रॅम वाफ मात्र आधी पाणी होते, आणि नुसतं पाणी होतानाच 540 कॅलरी सोडते. मग त्या पाण्याच्या 63 वेगळ्या. एकूण 603. म्हणजे जवळजवळ साडेनऊ पट. ही 540 कॅलरी आपण चुलीत लाकूड घालून पाण्यात भरलेली असते. वाफेत ती लपून बसते, थर्मामीटरला दिसत नाही, म्हणून 'सुप्त'. हीच लपलेली उष्णता हळदीच्या कांडीवर सुटते, म्हणून वाफेवर हळद लवकर शिजते. आणि हातावर सुटते तेव्हा कातडी जाते. म्हणून कुकर उघडताना, घरचा असो की हळदीचा, झाकण आपल्या बाजूनं उचलू नका, पलीकडच्या बाजूनं उचला. चटका बसलाच तर आधी हात गार वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरा. टूथपेस्ट-बिस्ट नको.

मॅडमचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या डिपार्टमेंटला दोनच शिक्षक. सर कायम आहेत. मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढ्याचेच पैसे, सुट्टी लागली की तेही नाही, आणि झालेल्या तासांचे पैसेसुद्धा महिनोन्‌महिने उशिरा. शेतमजुराला निदान संध्याकाळी हातात मिळतात. मॅडमनी एम.एस्सी. केलंय, सेट परीक्षा पास झाल्यात, आणि क्वांटम मेकॅनिक्ससारखा डोकं गरगरवणारा विषय त्या असा शिकवतात की घरी जाताना एसटीत त्यावरच बोलणं चालतं. आजीचा प्रश्न, याच्यानं पोट भरतं का, याचं उत्तर आम्ही मॅडमकडे बघून देऊ शकत नाही. लपवून ठेवायचं तरी काय? पुढं एम.एस्सी. करता येतं, बी.एड. करता येतं, बँकेच्या आणि सरकारी परीक्षांना पदवी चालते, आणि 'जॅम' नावाची एक परीक्षा दिली तर आय.आय.टी.तसुद्धा एम.एस्सी.ला जाता येतं. आमच्यातली एक तिची तयारी करतेय. लागेल की नाही, ते निकालच सांगेल.

तिसरे आमचे मामा. लॅबमधले मदतनीस. शिकले दहावीपर्यंत, पण कुठल्या भिंगाला ओरखडा आहे आणि कुठल्या पेटीचा खिळा ढिला आहे हे सरांपेक्षा त्यांना जास्त माहीत. अंधाऱ्या खोलीत करायचे काही प्रयोग असतात, तिथं सोडियमचा पिवळा दिवा लागतो. तो दिवा तापायला काही मिनिटं घेतो, आधी गुलाबी दिसतो आणि मग पिवळा धमक होतो. प्रयोग रंगात आला की हटकून लाइट जाणार. लाइट आली तरी दिवा पुन्हा पहिल्यापासून तापवावा लागतो. अशा दोन खेपा झाल्या की बस गेलीच. मामा मग पदरचं पेट्रोल घालून आम्हाला फाट्यापर्यंत सोडायचे. एकदा शेवटची गाडी खरोखरच चुकली, घरी पोचायला रात्रीचे आठ वाजले, आणि त्या एका रात्रीवरून गावात आठ दिवस बोलणं झालं. कोण काय बोललं ते आम्ही इथं सांगत नाही, बोलणाऱ्याही ऐकत असतील. अंधाऱ्या खोलीचा पडदा फाटून उजेड यायला लागला तेव्हा आमच्यातल्या एकीच्या आईनं जुन्या छत्र्यांचं काळं कापड जोडून नवा शिवून दिला. तो अजून तिथं आहे. तिनं फिजिक्सची खोली बघितलेली नाही, पण तिच्या शिलाईशिवाय तिथला एकही प्रयोग होत नाही.

आता मोठी गोष्ट. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आपण सगळ्याच जातो. त्याच औंढा तालुक्यात 'लायगो' नावाची प्रयोगशाळा होतेय. केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये तिला मंजुरी दिली, खर्च सुमारे 2,600 कोटी. गावागावांत याबद्दल काय काय बोलतात ते आम्ही ऐकलंय. कुणी म्हणतं बॉम्ब करणार, कुणी म्हणतं जमिनीतून काहीतरी काढणार. तसं काही नाही. तिथं आकाशातून येणारा एक फार बारीक थरकाप मोजणार आहेत.

तो कसा मोजतात, ते आमच्या लॅबमधल्या एका जुन्या यंत्रावरून सांगतो. त्यात उजेडाचा एक किरण फोडून दोन वाटांनी पाठवतात, एक समोर, एक आडवा. दोन्हीकडे आरसे. किरण परत येऊन एकमेकांत मिसळले की डोळ्याला उजेड-अंधाराची गोल गोल वलयं दिसतात, पाण्यात खडा टाकल्यावर दिसतात तशी. एक आरसा मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या तिप्पट सरकला, तरी एक वलय सरकतं. मघाशी केस सांगितला ना? आरसा तेवढा एका केसाच्या जाडीइतका सरकवला तर सुमारे 240 वलयं मोजावी लागतात. हे यंत्र जुळवायला आम्हाला दोन दिवस लागले. जुळलं, आणि तेवढ्यात व्हरांड्यातून कुणीतरी चपला आपटत गेलं. सगळी वलयं थरथरली आणि गेली. त्यानंतर आम्ही तो प्रयोग सकाळी साडेसातला, कॉलेज भरायच्या आधी करायला लागलो. मामा दारात उभे राहून येणाऱ्याला हातानं थांबवायचे.

लायगो म्हणजे हेच यंत्र, फक्त त्याच्या दोन वाटा चार-चार किलोमीटर लांब. अमेरिकेत अशी दोन आहेत. 14 सप्टेंबर 2015 ला त्यांनी पहिल्यांदा एक थरकाप पकडला. दोन कृष्णविवरं, म्हणजे उजेडालाही बाहेर न सोडणारे फार जड गोळे, एकमेकांत मिसळले होते, तेही एक अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी. तो थरकाप इथं पोचला तेव्हा चार किलोमीटरच्या वाटेत जो फरक पडला, तो अणूच्या पोटातल्या प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान होता. आमच्या यंत्राला चपलेचा आवाज सोसत नाही, त्यांचं काय होत असेल?

आता तुम्ही विचाराल, आणि आमच्या गावात एका काकांनी विचारलंही, की आपल्याकडे तर मधूनमधून जमीन गुरगुरते, भांडी वाजतात, मग इथं कशाला? तो प्रश्न अगदी रास्त आहे. मोठा धक्का बसला तर कुठलंही यंत्र तेवढा वेळ आंधळं होतं, अमेरिकेतलंही होतं. पण रोजची खरी कटकट वेगळीच असते: रेल्वे, जड गाड्या, कारखाने, समुद्राच्या लाटा. ती चोवीस तास असते. म्हणून अशी जागा लागते जिथं ही रोजची थरथर कमी आहे. आणि उरलेल्या थरथरीसाठी आरसे लोलकावर टांगतात. 40 किलोचा आरसा, एकाखाली एक अशा टांगलेल्या लोलकांच्या तळाशी. म्हणजे आमचा पहिल्या दिवशीचा दोऱ्याचा गोळाच, ज्यानं आम्हाला लाजवलं होतं.

टांगल्यानं काय होतं, ते आत्ता बसल्या जागी करून बघा. एक कुलूप घ्या आणि हातभर दोऱ्याला बांधा. दोरा वर धरून हात हळूहळू डावीकडे-उजवीकडे न्या. कुलूप हातामागं जाईल. आता हात तिथंच ठेवून भराभर थरथरवा, चाळणी हलवतो त्याहून जलद. कुलूप जागच्या जागी राहतं. हात थरथरतो, कुलूप नाही. जमिनीची थरथर म्हणजे तुमचा हात, आणि कुलूप म्हणजे आरसा. नातवंडं जवळ असतील तर त्यांच्याही हातात द्या.

लायगो आलं की आपल्या पोरांना नोकऱ्या लागतील, असंही लोक म्हणतात. काहींना लागतीलही. पण तिथं फिजिक्स शिकलेली माणसं लागणार, आणि ज्या जिल्ह्यात ती होतेय तिथल्या आमच्या कॉलेजात पुढच्या वर्षासाठी फिजिक्स घेणारे चौघेच आहेत. असंच राहिलं तर हा विषय इथं टिकेल का, हे सर बोलत नाहीत. मामा बोलतात.

पुण्याच्या हवामान खात्यात पूर्वी ॲना मणी नावाच्या बाई होत्या. जन्म 1918 चा, केरळातल्या पीरमेडचा. फिजिक्स शिकल्या, सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांवर काम केलं. संशोधन लिहून दिलं, पण आधी एम.एस्सी. केलेलं नाही म्हणून विद्यापीठानं पीएच.डी. दिली नाही. 1948 मध्ये त्या पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या आणि पाऊस, वारा, ऊन मोजायची यंत्रं आपल्या देशात तयार व्हावीत म्हणून आयुष्यभर खपल्या. तेव्हा बरीचशी यंत्रं बाहेरून आणावी लागायची. मॅडमनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा आम्ही विचारलं, "मग त्या शेवटपर्यंत डॉक्टर झाल्याच नाहीत?" मॅडम म्हणाल्या, "नाही. पण त्यांच्या यंत्रांनी पाऊस मोजायचा थांबवला नाही."

आता जे बोलायचंय ते बोलायला जड जातंय.

सुरुवातीला वर्गात पाचजण म्हणालो. पहिल्या वर्षी सहा होतो. आम्ही चौघी होतो.

चौथीचं नाव आम्ही घेणार नाही, कारण ती जिथं नांदते तिथं हा रेडिओ लागतो. यंत्र जुळवायला तिच्यासारखा हात आमच्यात कुणाचा नाही. आम्ही तासभर खटपट करायचो, ती येऊन एक स्क्रू इतकासा फिरवायची आणि म्हणायची, "बघा आता." दुसऱ्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि पंधरा दिवसांत तिचंही झालं. स्थळ चांगलं होतं, माणसं चांगली आहेत, अजूनही आहेत. आम्ही वरातीत नाचलो. साडीसुद्धा एकसारखी घेतली होती. तिच्या आईला, सासूबाईंना, कुणालाही आम्ही एका शब्दानं विचारलं नाही की परीक्षेचं काय. आम्हाला वाटलं, ती विचारेल. तिला वाटलं असेल, आम्ही विचारू. परीक्षेच्या दिवशी तिच्या नंबराचा बाक रिकामा होता आणि आम्ही पेपर लिहिले.

म्हणून आज हे विचारतोय, थोडं उशिरा. तिच्या सासूबाई एका गटाच्या सदस्य आहेत, ते आम्हाला माहीत आहे. मावशी, तुम्ही ऐकत असाल तर रागावू नका. तुमच्या सुनेनं जेवढ्या सत्रांचे विषय पास केले आहेत तेवढे वाया गेलेले नाहीत. नव्या नियमाप्रमाणे ते श्रेयांक तिच्या नावावर खात्यात जमा असतात, गटाच्या बचतीसारखे, आणि सात वर्षांपर्यंत राहतात. मधे खंड पडला तरी जिथं सोडलं तिथून पुढं सुरू करता येतं. बाळ लहान आहे हे ठाऊक आहे. थिअरी घरी वाचता येते. यायचं ते मुख्य म्हणजे प्रॅक्टिकलला, आठवड्यातले ठरलेले दिवस, आणि सकाळची बॅच घेतली तर दुपारच्या एसटीनं घरी पोचता येतं. सरांना आम्ही विचारलंय. ते म्हणाले, फॉर्म भरायच्या आधी एकदा येऊन भेटा, सोबत कुणीही आलं तरी चालेल. मावशी, तुम्ही स्वतः आलात तर फार बरं होईल. फॉर्म जून-जुलैत निघतात. फीचं अडलं तर आमच्या गटाच्या रजिस्टरात कारणाच्या रकान्यात 'फिजिक्स' हा शब्द एकदा लिहून झालाय, दुसऱ्यांदा त्यावर एवढा वाद होणार नाही. तुमच्या गटात पहिल्यांदाच होणार असेल, तर आमच्या अध्यक्ष मावशी बोलायला यायला तयार आहेत. त्यांनीच तसा निरोप दिलाय.

आणि गं, तुला एक सांगायचं राहिलं. तुझी जर्नल लॅबमध्येच आहे. मामांनी रद्दीत जाऊ दिली नाही. भिंगांच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, खाकी कव्हर घालून ठेवलीय. तुझे सात प्रयोग लिहून झालेत, आठवा अर्धा आहे, त्याचा आलेख काढायचा राहिलाय. कपाटाची किल्ली मामांकडे असते, आणि मामा रविवार सोडून रोज सकाळी साडेसातला येतात.

नमस्कार.